दॉर्दोन्यमध्ये सात दिवस: आधी वार बघा, मग गावं निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात पॅरिस झाल्यावर फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दॉर्दोन्य भागात सात दिवस. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि तेरा वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. यादीत चौदा गावं. त्यातली कुठली गाळू, हॉटेल रोज बदलू की दोन ठिकाणी मुक्काम करू, आणि गाडीशिवाय जमेल का?

मी बॉर्दोमध्ये राहतो आणि गेली अकरा वर्षं याच भागात मराठी कुटुंबांच्या छोट्या सहली आखतो, बऱ्याचदा गाडीही मीच चालवतो. चौदा गावांची यादी मला दर महिन्याला येते. यादी चांगलीच असते, कारण गावं खरंच सुंदर आहेत. घोळ होतो तो अंतरांमुळे. सार्लापासून बेनाक 11 किलोमीटर, दोम 12, लेझेझी 21, माँतिन्याक 25. हे आकडे बघितले की आपल्याकडचा माणूस लगेच हिशेब मांडतो, सकाळी तीन, दुपारी दोन. गावं होतात तेवढी. पण पाचातल्या तीन गावांत दारं बंद, रस्ता सुनसान आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातला गॅस बंद, असं बघायला मिळतं.

कारण इथली गावं वारावर आणि घड्याळावर चालतात. बाजार सकाळी आठ-साडेआठला रंगात येतो आणि साडेबाराला टेबलं आवरलेली असतात. जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर फार तर कॉफी मिळेल. मग गाव झोपतं आणि चारच्या पुढे जागं होतं. रात्रीचं जेवण सात ते नऊ. सोमवारी बरीच रेस्टॉरंट्स बंद, रविवारी संध्याकाळी तर जवळजवळ सगळीच. हे मी फुकट शिकलेलो नाही. पहिल्याच वर्षी नाशिकच्या एका कुटुंबाला सोमवारी दुपारी पावणेतीनला एका गावात घेऊन गेलो होतो. चौकात आम्ही सहाजण आणि एक मांजर. शेवटी चर्चच्या पायरीवर बसून काकूंच्या डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. काकू आजही म्हणतात की सहलीतलं तेच जेवण सगळ्यात चांगलं झालं. माझी मान मात्र अजून खाली जाते.

म्हणून माझं उत्तर गावांपासून सुरू होत नाही. मुक्काम एकच ठेवा, सातही रात्री. सार्लाच्या आसपास पाच-सहा किलोमीटरवर, शक्यतो स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. अशा घराला इथे 'जीत' म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये ही घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. सप्टेंबरात मालक थोडे सैल होतात, तरी बरेचजण शनिवारच धरून बसतात. तेव्हा पॅरिसचे दिवस मागेपुढे करून इथे शनिवारी पोचता आलं तर उत्तम. घर ठरवताना दोन गोष्टी लिहून विचारा: तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. जुन्या दगडी घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात. फोटोत ते गोड दिसतात, गुडघ्यांना दिसत नाहीत.

आता गाडी. सार्लाला रेल्वे येते, बॉर्दोहून साधारण पावणेतीन तासांत. तुम्ही दोघंच असतात तर मी म्हटलं असतं, रेल्वेने या, सार्लात राहा, एखाद-दोन दिवस टॅक्सी करा. पण गावागावांत जाणाऱ्या बस मोजक्या आहेत आणि त्या प्रामुख्याने शाळेच्या वेळांवर धावतात. पाचजणांना, त्यातही आई-बाबांना, गाडी हवीच. पॅरिसपासून चालवत येऊ नका. पॅरिसहून बॉर्दो वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तासांचं आहे, तिथून गाडी घ्या. पुढचे अडीच तास बहुतेक मोकळ्या रस्त्याचे आहेत. गाडी मागताना ऑटोमॅटिक हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर गिअरची देतील. उजव्या बाजूने चालवायचं आणि उजव्या हाताने गिअर टाकायचे, हे पहिल्याच दिवशी एकदम नको. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाचा परवाना, यावरून काउंटरवर अडकलेली दोन कुटुंबं मी पाहिली आहेत.

रस्त्यावर सगळ्यात जास्त जपायचं ते उजवीकडून येणाऱ्याला. गावात पाटी किंवा पांढरा पट्टा नसेल, तर उजव्या गल्लीतून येणाऱ्याचा मान आधी, मग तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. माझ्यासमोर एकदा असाच एक ट्रॅक्टर उजवीकडच्या बोळातून न थांबता, न बघता बाहेर आला. मी करकचून ब्रेक दाबला. त्याने नुसती मान हलवली, कारण चूक माझी होती. उलट गोल चौकात आत फिरणाऱ्याचा मान आधी. गावाबाहेर दुपदरी रस्त्यावर साधारण 80 आणि गावात 50 ची मर्यादा. गावाच्या नावाची पाटी दिसली की 50 सुरू, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. पेट्रोल शनिवारीच भरून घ्या. रविवारी पंपावर माणूस नसतो आणि तिथलं यंत्र आपलं फॉरेक्स कार्ड कधी घेतं, कधी नाही.

आता गावं. त्याआधी इतकी गावं आणि इतके किल्ले इथे का, हे दोन मिनिटांत सांगतो, म्हणजे निवड सोपी जाईल. 1152 मध्ये आक्विटेनची वारसदार एलेनोर हिने हेन्री प्लँटाजेनेटशी लग्न केलं आणि दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला. त्यामुळे फ्रान्सचा हा अख्खा कोपरा इंग्लंडच्या राजाशी बांधला गेला. पुढची तीनशे वर्षं त्याची भांडणं चालली. त्यातलं शेवटचं मोठं पर्व म्हणजे 1337 ते 1453 चं शंभर वर्षांचं युद्ध, आणि त्याची अखेरची लढाईही याच दॉर्दोन्य नदीकाठी, खाली कास्तियोंला झाली. म्हणजे हा सरहद्दीचा मुलूख. बेनाकच्या किल्ल्यावर उभं राहिलात की नदीपलीकडे कास्तेलनोचा किल्ला समोर दिसतो. युद्धात बेनाक फ्रेंचांच्या बाजूला आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या. रोज सकाळी शत्रूच्या स्वयंपाकघरातला धूर दिसावा इतके ते जवळ आहेत. आपल्याला सिंहगडावरून राजगड-तोरणा ओळखायची सवय असते, पण इथे समोरच्या बुरुजाच्या खिडक्या मोजता येतात.

याच सरहद्दीमुळे दोन्ही बाजूंच्या राजांनी 'बास्तीद' वसवली, म्हणजे आखीव-रेखीव नवी गावं. दोम फ्रेंच राजा तिसऱ्या फिलिपने 1281 मध्ये, मोंपाझिए इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1284 मध्ये. तुमच्या यादीत बास्तीद चार आहेत. चारही बघू नका. एक नीट बघा, आणि ती मोंपाझिए. साधारण 400 बाय 220 मीटरचा आयत, काटकोनात गल्ल्या, मध्ये चौक, चौकाभोवती कमानींचा ओटा. चौकातल्या लाकडी मंडपाखाली धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत, ती मुलीला दाखवा. आणि मग घरांमधल्या फटी शोधायला सांगा. दोन घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मध्ये वीत-सव्वा वीत जागा सोडलेली आहे. आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून. आत डोकावलं की थंड, ओलसर हवा तोंडावर येते आणि पलीकडे उजेडाची उभी रेघ दिसते. सातशे वर्षांपूर्वीची नगररचना त्या फटीत जेवढी कळते तेवढी माहितीफलक वाचून कळत नाही. मोंपाझिएचा बाजार गुरुवारी असतो, म्हणून गुरुवार तिकडेच.

आता बाकीचे वार. सार्लाचा मोठा बाजार शनिवारी, धाकटा बुधवारी. सगळे शनिवारच्या मागे असतात. मी आई-बाबांना घेऊन बुधवारी जातो, नऊच्या आत. गर्दी निम्मी आणि दुकानदार बोलायला मोकळे. सार्ला आज जसं दिसतं, त्यामागे एक कायदा आहे. 1962 मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी जुन्या वस्त्या सबंध जपण्याचा कायदा आणला. त्याआधी एखादी इमारत वाचायची आणि भोवतीची गल्ली पाडली जायची. त्या कायद्याखाली जीर्णोद्धार झालेल्या पहिल्या गावांत सार्ला होतं. म्हणून तिथे एखाद-दुसरा वाडा नाही, सबंध गावच मधाच्या रंगाच्या दगडात उभं आहे. जुन्या सँत-मारी चर्चमध्ये आता आच्छादित बाजार भरतो. त्याचे अवाढव्य धातूचे दरवाजे वास्तुरचनाकार झाँ नूवेल यांनी केले आहेत, त्यांचं बालपण याच गावात गेलं. काहींना ते दरवाजे विजोड वाटतात. मला आवडतात.

रविवारी सकाळी सँ-सिप्रियाँचा बाजार. तो खरा गावकऱ्यांचा, पाहुण्यांसाठी सजवलेला नाही. सप्टेंबर अखेरीला तिथे ताजे अक्रोड येतात. आपण खातो तो वाळलेला अक्रोड. हा ओला असतो, त्याचं पातळ साल नखाने काढावं लागतं आणि आतला गर दुधाळ, जवळजवळ ओल्या खोबऱ्यासारखा लागतो. साल कडू असतं, म्हणून विकणारी बाई स्वतः एक सोलून हातावर ठेवते. बाबांना सांगा, बोटं दोन दिवस तपकिरी राहतील. आणि दुकान असो वा टपरी, काही विचारायच्या आधी 'बोंजूर' म्हणायचंच. ते न म्हणता किंमत विचारली तर समोरचा माणूस ऐकूच आलं नाही असं करतो, आणि आपण उगाच म्हणतो की फ्रेंच तुसडे असतात.

सोमवारी नदी आणि किल्ले, कारण हॉटेलं बंद असली तरी हंगामात किल्ले उघडे असतात. ला रोक-गाजाक हे कड्याला चिकटलेलं गाव आई-बाबांसाठी सगळ्यात सोयीचं आहे. नदीकाठी सपाट रस्ता आणि गाबार नावाच्या सपाट तळाच्या जुन्या धाटणीच्या होड्यांतून सुमारे तासाभराची फेरी. वरचा कडा मात्र शोभेचा नाही. 1957 मध्ये त्याचा एक भाग कोसळला आणि गावातली माणसं दगावली. बेनाकला खालून चढू नका. गाडी थेट वर, किल्ल्याजवळच्या पार्किंगमध्ये न्या, किल्ला बघा. गुडघे कुरकुरत असतील तर आई-बाबांनी वरच बसावं, दरीचा देखावा तिथूनच सगळ्यात चांगला. तुम्ही दोघी-तिघं फरसबंदीने खाली उतरून परत या.

मंगळवारी लेझेझीचं राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय जुलै-ऑगस्ट सोडून बंद असतं, हे तुमच्या आराखड्यात चुकलंय. तिथे शुक्रवारी जा. याच गावात 1868 मध्ये क्रो-मान्यों, म्हणजे हिमयुगातल्या आधुनिक मानवाचे सांगाडे सापडले. मंगळवारी त्याऐवजी लास्को, म्हणजे आदिमानवाच्या भित्तिचित्रांची गुहा, करा.

लास्कोबद्दल तुमच्या वडिलांनी विचारलंय, "नकली गुहा बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा थांबतो. 12 सप्टेंबर 1940 ला चार पोरांना मूळ गुहा सापडली. 1948 मध्ये ती लोकांना खुली झाली आणि पंधरा वर्षांत माणसांच्या श्वासाने, दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरलं. 1963 मध्ये ती बंद केली, पुन्हा मालरोंनीच. एका माणसाने वर्षभराच्या अंतराने एक गाव उघडं ठेवायची आणि एक गुहा बंद करायची सोय केली, हे मला नेहमी गंमतीचं वाटतं. आता दिसते ती माँतिन्याकची 2016 ची प्रतिकृती. ती इतकी बारकाईने केली आहे की पाच मीटरच्या पुढचा तो बैल अंगावर आला की खरं-खोटं आठवत नाही. तरी वडिलांचं म्हणणं उरतंच. त्यांच्यासाठी रूफिन्याकची गुहा आहे. ती खरी आहे, आणि आत छोट्या विजेच्या गाडीत बसून सुमारे किलोमीटरभर जाता येतं, चालावं लागत नाही. भिंतीवर आणि छतावर मॅमथ, शंभराहून जास्त. शाल विसरू नका, आत 13 अंश असतं.

आणि तुमच्यापैकी ज्याला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात डोळे अंधाराला सरावल्यावर पद्मपाणी हळूहळू उमटताना बघणं आवडलं असेल, त्याने लेझेझीजवळच्या फाँ-द-गोमचं तिकीट मिळवायचा प्रयत्न करावा. रंगीत मूळ चित्रं असलेली आणि लोकांना आत सोडणारी ही फार थोड्या गुहांपैकी एक. दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. वाट अरुंद आहे, बाबांना नको. एका भिंतीवर दोन रेनडिअर आहेत, एक गुडघ्यावर आणि दुसरा वाकून त्याचं कपाळ चाटतोय. वाटाड्याने बॅटरी तिरकी धरेपर्यंत जीभ दिसत नाही. तिकिटाचे नियम बदलत असतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळावर दोन महिने आधीपासून नजर ठेवा.

जेवणाचं आता स्पष्ट सांगतो, कारण इथे शाकाहाऱ्यांची फसगत होते. हा बदकाचा मुलूख आहे. मेनूवर 'पोम सार्लादेझ' दिसेल, म्हणजे लसूण घातलेले खरपूस बटाटे. बटाटेच आहेत म्हणून लोक मागवतात. ते बदकाच्या चरबीत परततात. 'सालाद पेरिगोर्दीन' मध्ये बदकाचे कोथळे असतात. सूपमध्ये बहुधा मांसाचं पाणी. नुसतं 'शाकाहारी' म्हटलंत तर मासे आणतील. "मांस नाही, मासे नाही, बदकाची चरबी नाही" असं तीन वेळा तोडून फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. हमखास मिळणारं म्हणजे ऑम्लेट, गरम शेळीचं चीज घातलेलं सॅलड (वर बदकाचे तुकडे नकोत हे सांगून) आणि अक्रोडाचा केक. म्हणून दुपारचं एक जेवण बाहेर आणि रात्री घरी वरणभात, हा माझा नेहमीचा बेत. तूप मात्र बॅगेत आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको, अडवतील. इथे सुपरमार्केटमध्ये बिनमिठाचं लोणी, 'बेर दू', घ्या आणि घरी कढवा. पंधरा मिनिटांत इतकं कणीदार तूप होतं की पुण्याच्या एका आजींनी परतताना लोण्याच्या ब्रँडचं नाव लिहून घेतलं होतं. शनिवारी पोचल्या पोचल्या सामान भरा, रविवारी दुपारपासून दुकानं बंद.

तर यादीतून गळतात दोन बास्तीद (तिसरी, म्हणजे दोम, जमल्यास बघा), रोकामादूर आणि पेरिग्यू. रोकामादूर गाळताना तुम्हाला वाईट वाटेल हे कळतं. पण ते सार्लाहून 50 किलोमीटर, कड्यावर तीन मजल्यांत वसलेलं तीर्थक्षेत्र. लिफ्ट आहे, तरी आई-बाबांचा सबंध दिवस त्यात जातो. ती दोघं तब्येतीने ठणठणीत असतील आणि देवदर्शनाची ओढ असेल तर शुक्रवारचं संग्रहालय सोडून हे करा. ते तुम्हीच ठरवू शकता, मी नाही. दोमला मात्र एखाद्या संध्याकाळी पाचनंतर जा. बसगाड्या गेलेल्या असतात आणि तटावरून खाली दॉर्दोन्यचं वळण, कापलेली मक्याची शेतं आणि अक्रोडाच्या सरळ रांगा दिसतात.

एक पोटशंका तुम्ही विचारली नाहीत, पण येईल: सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार युरोपीय वारसा दिवसांचा असतो. एरवी बंद असलेली खाजगी वाडे-बागांची दारं तेव्हा उघडतात आणि काही ठिकाणी तिकीटही नसतं. तारखा जुळत असतील तर त्या दोन दिवसांचा माझा आराखडा खुशाल मोडा.

मुलीला कंटाळा येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. किल्ल्यांचा येईल, दुसऱ्या किल्ल्यापासून. कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे, तिथे दगड फेकणारी अजस्र यंत्रं उभी केली आहेत, तेवढं एक तिला आवडेल. बाकी तिला भाड्याची कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन द्या. मोसमात होडीवाल्यांची गाडी असते, ती वरच्या काठावर सोडते आणि तुम्ही प्रवाहाबरोबर बेनाकपर्यंत खाली येता. पाणी संथ, बऱ्याच ठिकाणी गुडघाभर. आई-बाबा ला रोक-गाजाकच्या काठावर कॉफी घेऊन बसतील आणि तुम्ही समोरून जाताना हात हलवतील. पोहता येणं आवश्यक, जॅकेट तेच देतात. फोन मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. माझा एक अजून ला रोकजवळ नदीत कुठेतरी आहे.